हातमोजेवाल्याचा मुलगा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६०२ साली लंडनमध्ये राल्फ ब्रुक नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठाविरुद्ध तक्रार गुदरली. कोणत्या घराण्याला कुलचिन्ह लावण्याचा अधिकार आहे हे ठरविणाऱ्या राजमान्य संस्थेत हा ब्रुक काम करीत असे. त्याचे म्हणणे असे की, विल्यम डेथिक या वरिष्ठाने तेवीस हलक्या माणसांना कुलचिन्हे देऊन त्या संस्थेची अब्रू घालविली. या तक्रारीच्या उपलब्ध प्रतीत एका ढालीचे रेखाचित्र आहे. ढालीवर तिरपा भाला आहे आणि खाली शेक्सपिअर हे नाव असून त्यापुढे त्याचा धंदा लिहिला आहे : नट. आणखी काही लिहिण्याची ब्रुकला गरज भासली नाही. तो एक शब्द हाच त्याचा संपूर्ण आरोप होता.

त्या वेळी हा नट अडतीस वर्षांचा होता. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘हॅम्लेट’ ही नाटके त्याच्या हातून लिहून झाली होती. परंतु नाटके किती मोठी हा प्रश्न कुलचिन्हांच्या दप्तरात विचारला जात नसे. तेथे विचारले जाई ते एवढेच की, हा माणूस कोणाचा मुलगा आणि तो हाताने काम करतो की नाही. ब्रुकच्या आरोपाला डेथिक आणि कॅम्डेन यांनी जे उत्तर दिले, तेही याच चौकटीतले आहे. त्यांनी मुलाच्या प्रतिभेचा दाखला दिला नाही; बाप आपल्या गावचा दंडाधिकारी होता आणि आई आर्डेन घराण्यातील होती, असा दाखला दिला. आरोप करणारा आणि बचाव करणारा या दोघांचेही मूळ गृहीत एकच होते.

हे गृहीत समजून घेतल्याखेरीज शेक्सपिअरचे नाव आणि त्याची सामाजिक पायरी यांविषयी गेली पावणेदोनशे वर्षे चाललेला वाद समजणार नाही. एलिझाबेथच्या इंग्लंडात समाजाची उतरंड होती. वर सरदार, त्यांच्याखाली नाइट आणि जंटलमन, मग शहरांतले नागरिक, स्वतःची जमीन कसणारे शेतकरी, आणि तळाशी मजूर व कारागीर. जंटलमन या शब्दाला आज केवळ सभ्यतेचा वास येतो. त्या काळी तो एक सामाजिक दर्जा होता. विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने १५७७ साली इंग्लंडचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यात तो स्पष्टच सांगतो की, ज्याला अंगमेहनत न करता आयते राहता येते आणि तसा थाट ज्याला परवडतो, त्याला पैसे मोजून कुलचिन्ह मिळते आणि मग लोक त्याला ‘मास्टर’ म्हणू लागतात. प्रतिष्ठेची व्याख्याच श्रमापासूनच्या अंतराने केलेली होती. आपल्या समाजाला ही व्याख्या परकी वाटण्याचे कारण नाही.

या उतरंडीत शेक्सपिअरचे घर कोठे बसते? त्याचा आजा रिचर्ड हा स्निटरफील्ड गावातला कूळ होता आणि त्याने कसलेली काही जमीन रॉबर्ट आर्डेन याच्या मालकीची होती. कुळाचा मुलगा जॉन हा गाव सोडून स्ट्रॅटफर्ड या बाजारपेठेच्या गावी आला, कातडे कमावून त्याचे हातमोजे करू लागला, आणि पुढे त्याने जमीनमालकाच्याच मुलीशी, मेरी आर्डेनशी, लग्न केले. १५५२ साली हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा साठविल्याबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला. त्या गावाच्या दप्तरात या घराण्याचा प्रवेश होतो तो असा. पुढे हाच जॉन नगरसभासद झाला आणि १५६८ साली तो स्ट्रॅटफर्डचा बेलिफ, म्हणजे नगरप्रमुख, झाला. तो कागदपत्रांवर सही करीत नसे, निशाणी करीत असे. आणि ती निशाणी कधी कधी हातमोजेवाल्याच्या कंपासाची आकृती असे. आपल्या धंद्याचे हत्यार हीच त्याची सही होती.

हे वैभव टिकले नाही. लोकरीचा बेकायदा व्यापार आणि सावकारी यांबद्दल त्याच्यावर खटले झाले, कर्ज वाढले, जमीन गहाण पडली, आणि १५८६ साली दीर्घकाळच्या गैरहजेरीमुळे त्याचे सभासदत्व गेले. कर्जवसुलीच्या भीतीने तो चर्चमध्येही येत नाही अशी नोंद १५९२ ची आहे. म्हणजे शेक्सपिअरने वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून घराची उतरती कळा पाहिली. मुलगा अठराव्या वर्षी लग्न करतो, एकविसाव्या वर्षी तीन मुलांचा बाप होतो आणि नंतर लंडनमध्ये आढळतो तो नट म्हणून.

नट होणे म्हणजे काय होते? १५७२ च्या कायद्याने, कोणा सरदाराचा आश्रय किंवा न्यायाधीशांचा परवाना नसलेल्या भटक्या नटाची गणना भुरटे आणि उडाणटप्पू यांच्यात केली होती. त्यांना फटक्यांची आणि कान डागण्याची शिक्षा होती. म्हणून प्रत्येक नाटकमंडळी कोणा तरी बड्या माणसाचे नाव लावून ‘नोकर’ म्हणून वावरे. लंडनच्या नगरपालिकेला नाटके नकोशी होती. म्हणून नाटकगृहे तिच्या हद्दीबाहेर, कुंटणखाने आणि अस्वलांच्या झुंजी यांच्या शेजारी उभी राहिली. १६०३ साली शेक्सपिअरची मंडळी राजाची मंडळी झाली. पुढच्या वर्षी राजाच्या मिरवणुकीनिमित्त तिच्यातील प्रमुखांना प्रत्येकी साडेचार वार तांबडे कापड मिळाले. ते गणवेशाचे कापड होते. सन्मान होता, पण चाकराचा सन्मान होता.

लंडनच्या साहित्यिक वर्तुळाने त्याचे स्वागत कसे केले हेही पाहण्यासारखे आहे. १५९२ साली रॉबर्ट ग्रीन याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने एक पुस्तिका निघाली. ग्रीन हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांचा पदवीधर. तो आपल्या विद्वान मित्रांना इशारा देतो की, दुसऱ्यांची पिसे लावून मिरविणारा एक कावळा तुमच्यात शिरला आहे आणि आपल्यालाही तुमच्यासारखे काव्य लिहिता येते असे त्याला वाटते. शेक्सपिअरच्या नावाचा विडंबनात्मक अपभ्रंश करून त्याने हा कावळा कोण हेही सुचविले. लंडनच्या नाट्यसृष्टीतला त्याचा पहिला छापील उल्लेख हा असा आहे.

आता नावाविषयी. शेक्सपिअरच्या सर्वमान्य सह्या सहा आहेत : एक १६१२ ची, दोन १६१३ च्या आणि तीन १६१६ च्या मृत्युपत्रावरच्या. या सहांपैकी एकीतही आजचे रूढ स्पेलिंग नाही. १५८२ च्या लग्नाच्या कागदांत नाव आणखीच वेगळे लिहिलेले आहे. काही जुन्या छापील नाटकांवर नावाच्या दोन भागांमध्ये जोडरेघ आहे. यावरून काहींनी असा तर्क लढविला की, गावाकडचा माणूस एक आणि नाटककार दुसरा. परंतु त्या काळी इंग्रजी स्पेलिंग ठरलेलेच नव्हते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या ख्रिस्तोफर मार्लोची जी एकच सही उपलब्ध आहे ती ‘मार्ली’ अशी आहे. म्हणून मार्लो अशिक्षित होता असे कोणी म्हणत नाही. त्याच कारणाने शेक्सपिअरवर संशय घेतला जातो, याचे मूळ स्पेलिंगात नाही, हातमोज्यांच्या दुकानात आहे.

या माणसाला कुलीन म्हणवून घेण्याची ओढ होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. बापाने सुमारे वीस वर्षांपूर्वी कुलचिन्हासाठी खटपट केली होती असे १५९६ च्या मसुद्यावरून दिसते. त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरला ते जॉन शेक्सपिअरच्या नावे मंजूर झाले. मुलाच्या पैशाने आणि मुलाच्या खटपटीने ते मिळाले, हे उघड आहे. ‘हक्काशिवाय नव्हे’ अशा अर्थाचे एक फ्रेंच बोधवाक्यही मसुद्यात आहे. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला होता. कुलचिन्ह बापाकडून मुलाकडे जाते. जे घराणे उभे करण्यासाठी हातमोजेवाल्याने आणि नटाने इतकी वर्षे घालविली, ते कागदावर उभे राहिले तेव्हा पुढे चालविणारा उरला नव्हता. यानंतर मात्र दप्तरांत नावामागे ‘मास्टर’ लागते. १६०० च्या पुस्तकनोंदणीत ते आहे आणि १६२३ च्या नाट्यसंग्रहाच्या मुखपृष्ठावरही आहे.

हयातीत त्याच्या कर्तृत्वावर कोणी संशय घेतला नाही. जळफळाट मात्र पुष्कळ झाला. संशय आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे शेक्सपिअरची देवता होऊन गेल्यानंतर. अमेरिकेतील डेलिया बेकन या विदुषीने १८५७ साली ग्रंथ लिहून ही नाटके फ्रान्सिस बेकन, वॉल्टर रॅले आणि त्यांच्या मंडळींनी लिहिली असा सिद्धान्त मांडला. त्या मंडळींत तिला राजेशाहीविरुद्ध विचार करणारे तत्त्वज्ञ दिसत होते. नाटकांतले राजकारण तिने इतरांच्या आधी ओळखले, हे तिचे श्रेय आहे. परंतु असा विचार एखाद्या अडाणी नटाला सुचेल हे तिला पटेना. ती स्वतः निर्धन घरात जन्मली होती आणि स्त्री म्हणून तिला महाविद्यालयाचे दार बंद होते. जिच्यावर अन्याय झाला तिनेही त्याच मोजपट्टीने दुसऱ्याला नाकारावे, ही या इतिहासातली खेदाची गोष्ट आहे. १९२० साली जे. थॉमस लूनी या इंग्रज शिक्षकाने ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हिअर हाच खरा लेखक असे जाहीर केले. सिग्मंड फ्रॉइडसारखा मनाचा शोध घेणारा माणूसही या मताला भुलला. २०११ साली याच कल्पनेवर एक चित्रपटही निघाला.

या अर्लविषयी पहिली अडचण अशी की, तो १६०४ च्या जूनमध्ये वारला. ‘द टेम्पेस्ट’ हे नाटक १६११ च्या नोव्हेंबरात राजवाड्यात झाले आणि १६०९ साली बर्म्युडाजवळ झालेल्या एका जहाजाच्या अपघाताच्या वार्तांशी त्याचा संबंध आहे. शेवटची काही नाटके जॉन फ्लेचर या तरुण नाटककाराबरोबर लिहिलेली आहेत. मेलेल्या अर्लला हे साधले कसे? परंतु तारखांनी हा वाद मिटत नाही, कारण तो तारखांचा वाद नाही. राजदरबार, कायदा, इटली, लॅटिन हे सारे खालच्या थरातल्या माणसाला कळणे शक्य नाही, अशी जी श्रद्धा आहे, ती या वादाचा खरा पाया आहे.

या श्रद्धेला उत्तर त्या काळच्या इंग्लंडनेच देऊन ठेवले आहे. मार्लो कँटरबरीच्या चांभाराचा मुलगा होता. बेन जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी होता, जॉन्सनने स्वतः विटा रचल्या होत्या आणि विद्यापीठाची पायरीही तो शिकण्यासाठी चढला नव्हता. तरी त्याच्या लॅटिन विद्वत्तेपुढे पदवीधर दबून असत. शेक्सपिअरचे पहिले काव्य १५९३ साली छापणारा रिचर्ड फील्ड हा स्ट्रॅटफर्डच्याच एका चांभारकुंडवाल्याचा, कातडी कमावणाऱ्याचा, मुलगा. त्याचा बाप वारला तेव्हा मालमत्तेची मोजदाद करण्यात शेक्सपिअरचा बाप सामील होता. दोन कातडेवाल्यांची मुले लंडनला येतात. एक छापखाना चालवितो आणि दुसरा कविता लिहितो. चमत्कार शोधायचा तर तो येथे आहे, आणि त्याला कारणेही आहेत.

पहिले कारण शाळा. स्ट्रॅटफर्डच्या शाळेला १५५३ साली नवी सनद मिळाली होती. शिक्षकाला वर्षाला वीस पौंड वेतन होते आणि गावच्या नागरिकांच्या मुलांना फी नव्हती. तेथील त्या काळचे हजेरीपट उरलेले नाहीत, परंतु नगरप्रमुखाचा मुलगा दारातली फुकट शाळा सोडून कोठे जाणार? अशा शाळांत ओव्हिड, व्हर्जिल, सिसेरो घोकून घेत. दुसरे कारण नाटकमंडळीची रचना. १५९९ साली ग्लोब नाटकगृह उभे राहिले तेव्हा त्याची निम्मी मालकी बर्बेज बंधूंकडे आणि निम्मी पाच नटांकडे होती; शेक्सपिअरचा वाटा एक दशांश. सरदाराच्या देणगीवर जगण्याऐवजी तो आपल्या सहकाऱ्यांबरोबर तिकिटाच्या पैशावर जगला. हा समाजवाद नव्हता. मंडळीत आठवड्याच्या पगारावरचे नट होते आणि उमेदवारी करणारी मुले होती, त्यांना वाटा नव्हता. तरीही लेखकाला आश्रयदात्याच्या उंबरठ्यावरून सोडविणारी ती व्यवस्था होती. तिसरे कारण प्रेक्षक. एक पेनी टाकली की कोणालाही ग्लोबच्या अंगणात उभे राहता येई. राजापुढे जे नाटक होई तेच या उभ्या प्रेक्षकांपुढे होई, आणि ते दोघांनाही कळावे लागे. चौथे कारण सहकार्य. अलीकडच्या संशोधनाने अनेक नाटकांत दुसऱ्यांचे हात दाखविले आहेत. २०१६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने ‘हेन्री द सिक्स्थ’च्या तिन्ही भागांवर मार्लोचेही नाव घातले. प्रतिभा आकाशातून एकाच डोक्यावर पडते ही कल्पनाही कुलीनांचीच आहे. कारखान्यात काम करणाऱ्याला सहकार्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तथापि हातमोजेवाल्याचा मुलगा म्हणून त्याला श्रमिकांचा संत ठरविणे हीदेखील तितकीच मोठी चूक होईल. त्याने १५९७ साली स्ट्रॅटफर्डमधले मोठे घर घेतले, १६०२ साली ३२० पौंडांना १०७ एकर जमीन घेतली आणि १६०५ साली ४४० पौंड देऊन शेतसाऱ्यासारख्या धर्मकराच्या वसुलीत वाटा विकत घेतला. १५९८ च्या टंचाईत गावातल्या साठ्यांची मोजणी झाली तेव्हा त्याच्या घरी दहा क्वार्टर माल्ट निघाले. १६०७ साली त्याच्याच मुलखात कुंपणे घालून जमिनी बळकावण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यानंतर लवकरच लिहिलेल्या ‘कोरिओलेनस’ची सुरुवात धान्यासाठी उठलेल्या उपाशी नागरिकांनी होते, आणि त्या नागरिकांचा युक्तिवाद त्याने पूर्ण ताकदीने मांडला आहे. परंतु १६१४ साली वेलकम येथील सामायिक शेतांना कुंपण घालण्याचा घाट विल्यम कोंब आणि त्याच्या साथीदारांनी घातला, तेव्हा शेक्सपिअरने आपल्या उत्पन्नाची नुकसानभरपाई करारान्वये पक्की करून घेतली. नगरपालिका विरोधात उभी होती. तिच्या पाठीशी तो उभा राहिल्याची नोंद नाही. १६१५ च्या जानेवारीत ते चर बुजविले ते स्ट्रॅटफर्ड आणि बिशप्टन येथल्या बायकामुलांनी. मृत्युपत्रात शेक्सपिअरने गरिबांना दहा पौंड ठेवले, आणि आपली तलवार ठेवली ती या कोंबच्या भावाला. एडवर्ड बाँड याने १९७३ साली ‘बिंगो’ या नाटकात याच शेक्सपिअरला जाब विचारला आहे.

मग कार्यकर्त्यांनी त्याच्याकडून घ्यायचे काय? जे चार्टिस्टांनी घेतले ते. १८४० नंतरच्या वर्षांत लेस्टर शहरातल्या चार्टिस्ट कामगारांनी आपल्या संघटनेला शेक्सपिअरचे नाव दिले होते. त्यांचा पुढारी टॉमस कूपर जोडे शिवता शिवता स्वतःच्या बळावर भाषा शिकलेला होता. मार्क्सच्या घरी शेक्सपिअर मुलांना तोंडपाठ होता. सोन्याची सत्ता माणसाचे काय करते हे सांगताना मार्क्सने ‘टायमन ऑफ अथेन्स’चा आधार घेतला. एफ. जे. फर्निव्हल हा लंडनच्या कामगार महाविद्यालयात शिकविणारा माणूस. त्याने १८७३ साली शेक्सपिअरच्या अभ्यासासाठी संस्था काढली. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना ‘हॅम्लेट’ हाती घेतले आणि ‘विकारविलसित’ मराठीला दिले. १९७४ साली विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ आणले. यांपैकी कोणीही लेखकाचे कुलचिन्ह तपासले नाही. त्यांनी पुस्तक उघडले आणि ते आपले आहे असे मानले. पुस्तकावर हक्क सांगण्याची याहून चांगली रीत नाही.

शेवटी एक कागद. १६११ साली स्ट्रॅटफर्डमधल्या एका खरेदीखतावर साक्षीदार म्हणून शेक्सपिअरची मुलगी ज्युडिथ हजर होती. ती हॅम्नेटची जुळी बहीण. तिने सही केली नाही. आजोबांप्रमाणे निशाणी केली. बाप तेव्हा इंग्लंडचा सर्वांत मोठा नाटककार होता, घर मोठे होते, दारावर कुलचिन्ह लावण्याचा अधिकार होता. परंतु ती फुकट शाळा मुलांची होती, मुलींची नव्हती. हातमोजेवाल्याच्या मुलाने ही नाटके लिहिली कशी, या प्रश्नावर ग्रंथांची कपाटे भरली आहेत. त्याच घरात वाढलेल्या मुलीला आपले नाव का लिहिता आले नाही, हा प्रश्न विचारणारे फार थोडे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आहे : ज्याला शाळा मिळाली त्याने लिहिले, जिला मिळाली नाही तिने निशाणी केली. आपापल्या वस्तीत परतल्यावर कार्यकर्त्यांनी मोजायच्या आहेत त्या अशा निशाण्या.